गल्फ प्रवाहाबरोबर उत्तरेला गेलेले उष्णकटिबंधीय मासे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, विशेषतः न्यू जर्सी, लाँग आयलंड आणि ऱ्होड आयलंड येथील उथळ पाण्यात, उन्हाळ्याच्या उत्तरार्धात फुलपाखरू माशांसारख्या प्रवाळभित्तीवरील माशांची पिल्ले आढळतात. त्यांच्याविषयी प्रचलित असलेल्या काही समजुती तपासून पाहणे आवश्यक आहे.

गैरसमज: हे मासे वाट चुकून पोहत उत्तरेला येतात.

वस्तुस्थिती: प्रवाळभित्तीवर राहणारे प्रौढ मासे सहसा आपला परिसर सोडत नाहीत, प्रवास घडतो तो अंड्यांचा आणि डिंभांचा, म्हणजे अंड्यातून बाहेर पडलेल्या, अद्याप माशाचे पूर्ण रूप न आलेल्या सूक्ष्म पिल्लांचा. ही अवस्था काही आठवडे खुल्या समुद्रात तरंगत जात असल्याने फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून उत्तरेकडे वाहणारा उष्ण गल्फ प्रवाह डिंभांना आपल्याबरोबर नेतो. केप हॅटरसनंतर हा प्रवाह किनाऱ्यापासून दूर वळतो. परंतु त्यापासून तुटून निघालेले उष्ण पाण्याचे प्रचंड भोवरे भूखंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, कडेपर्यंत पोहोचतात आणि त्यांच्यातील काही डिंभ किनाऱ्याला लागतात.

गैरसमज: थंड प्रदेशात पोहोचताच हे मासे गोठून मरतात.

वस्तुस्थिती: उन्हाळ्यात या किनाऱ्यावरील पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर जात असल्यामुळे पिल्लांना अन्न मिळते आणि ती व्यवस्थित वाढतात. संकट येते ते शरद ऋतूत, आणि तेही गोठण्याच्या कितीतरी आधी; कारण समुद्राचे पाणी उणे 2 अंशांच्या आसपास गोठते, तर फुलपाखरू माशांची पिल्ले सुमारे 12 अंशांना खाणे थांबवतात आणि 10 अंशांच्या जवळपास मरतात. माशाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याबरोबर उतरत असल्याने चयापचय मंदावतो, हालचाल शिथिल होते, तोल सांभाळता येत नाही आणि मासा सहज भक्ष्य ठरतो. मूळच्या हिंद-प्रशांत महासागरातील, परंतु आता पश्चिम अटलांटिकमध्ये पसरलेल्या लायनफिशवरील प्रयोगांत खाणे सुमारे 16 अंशांना थांबते आणि मृत्यू सुमारे 10 अंशांना येतो असे आढळले. म्हणजे मारक थंडी येण्यापूर्वीच उपासमारीचा काळ सुरू झालेला असतो.

गैरसमज: हिवाळा जवळ आला की ही पिल्ले परत दक्षिणेला जातात.

वस्तुस्थिती: काही वेगवान, खुल्या पाण्यात पोहणाऱ्या जाती ऋतूनुसार दक्षिणेकडे सरकू शकतात, परंतु तळाच्या आश्रयाने राहू लागलेल्या, काही सेंटिमीटर लांबीच्या पिल्लाला शेकडो किलोमीटर अंतर कापणे शक्य नसते, आणि ज्या प्रवाहाने त्याला आणले तो तर उलट दिशेने वाहत असतो. त्यामुळे यांपैकी बहुतेक पिल्ले प्रजननक्षम होण्यापूर्वीच मरतात आणि उत्तरेत त्यांची पुढची पिढी जन्माला येत नाही.

गैरसमज: उत्तरेत असा मासा दिसणे हाच समुद्र तापल्याचा पुरावा होय.

वस्तुस्थिती: मॅसॅच्युसेट्समधील वुड्स होल परिसरातील माशांच्या एकोणिसाव्या शतकाअखेरच्या नोंदींतही दक्षिणेकडून वाहत आलेल्या जाती आढळतात; डिंभांचे येणे जुनेच आहे. तापमानवाढीची खरी कसोटी हिवाळ्यानंतर किती पिल्ले उरतात ही होय. पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाह ग्रेट बॅरियर रीफकडील डिंभ दक्षिणेला सिडनीच्या परिसरात नेतो आणि तेथील हिवाळा सौम्य असल्याने ही कसोटी तेथे अधिक स्पष्टपणे पाहता येते. विल फिगुएरा आणि डेव्हिड बूथ यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार वाढत्या तापमानामुळे काही उष्णकटिबंधीय पिल्लांना तेथे हिवाळा पार करणे शक्य होऊ लागले आहे.

गैरसमज: असे मासे तगले, तर समुद्राची विविधता केवळ वाढेल.

वस्तुस्थिती: न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागातील सॉलिटरी बेटांजवळ 2002 नंतरच्या दशकात वनस्पतिभक्षक उष्णकटिबंधीय मासे वाढत गेले आणि त्याच काळात केल्प, म्हणजे समुद्रतळावर जंगलासारखे वाढणारे मोठे तपकिरी शैवाल, तेथून नाहीसे झाले. केल्पच्या आश्रयाने अनेक स्थानिक जीव जगत असल्याने नव्या जातीची भर आणि जुन्या अधिवासाचा ऱ्हास या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतात. म्हणून एखाद्या वर्षी किती पाहुणे मासे दिसले यापेक्षा, त्यांपैकी किती पुढच्या वसंतापर्यंत जगले आणि त्यांनी तेथे प्रजनन केले का, याची सातत्याने ठेवलेली नोंद अधिक महत्त्वाची ठरते.