पळसाची कळी आणि मनाचा आधार

फेब्रुवारीच्या अखेरीस कोसबाडच्या परिसरात पळसावर पान दिसत नाही. दिसतात त्या काळपट, मखमली कळ्या. काही दिवसांतच त्यांतून केशरी चोच बाहेर येते. पाठोपाठ काटेसावर फुलते, कोशिंबाला तांबडी पालवी फुटते आणि पहाटे मोहाखाली फिकट फुलांचा सडा पडतो. वसंताच्या या लहान खुणा पाहून त्यांची चित्रे काढणे हा अडचणीच्या काळात मनाला मोठा आधार ठरतो. तो कसा, हे माजी विद्यार्थी व पालकांसमोर मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अडचणीचा काळ आपल्या भागाला नवा नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडी व आसपासच्या पाड्यांवरील कुटुंबे ऐन थंडीत घराबाहेर, तंबूंत झोपू लागली. पुढचा धक्का केव्हा येईल, हे कोणालाच सांगता येत नव्हते. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. अशा वेळी ‘घाबरू नका’ एवढे सांगितल्याने भीती जात नाही. मनाला दुसरे काम द्यावे लागते.

चित्र हे काम देते. कळी काढायची तर ती आधी नीट पाहावी लागते: देठ कोठे वळला, पाकळी कोठून सुटली, सावली कोणत्या बाजूला आहे. तेवढा वेळ नजर बाहेर असते आणि हात सावकाश चालतो. आनापान करताना भरकटलेले लक्ष आपण जसे पुन्हा श्वासावर आणतो, तसेच येथे ते पुन्हा देठावर आणायचे असते. शिवाय कळी काल होती तशी आज नसते. काळ थांबलेला नाही, हे डोळ्यांना दिसते.

याचे मोठे उदाहरण आपल्या मातीतच आहे. तलासरी तालुक्यात जन्मलेले आणि डहाणूतील गंजाड येथे राहिलेले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची आई ते लहान असतानाच वारली. त्या धक्क्याने त्यांचे बोलणे थांबले, आणि मनातले ते धुळीत आकृत्या काढून सांगू लागले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. पुढे २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वसतिगृहात नव्याने आलेले, घरच्या आठवणीने गप्प झालेले मूल पाहिले की आम्हांला त्या धुळीतल्या रेघा आठवतात. बोलता येत नाही, तेथे हात बोलतो.

कोसबाडने हे शिक्षणातही ओळखले होते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे ग्राम बालशिक्षा केंद्र १९५७ मध्ये बोर्डीहून येथे आले. पाने, बिया, शिंपले अशा आसपासच्या वस्तूंतून आदिवासी मुलांना शिकवता येते, हे त्यांनी दाखवून दिले. मुलाच्या ओळखीच्या जगातूनच त्याला धीर येतो.

दूरच्या देशातही हेच घडले. इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी २०२० च्या टाळेबंदीत फ्रान्समधील नॉर्मंडी येथे राहून बहरणारी झाडे व फुले आयपॅडवर रेखाटत होते. वय ऐंशीच्या पुढे, पण विषय अंगणातलाच.

यासाठी महाग साहित्य लागत नाही. वारली चित्रासाठी तांदळाचे पीठ पाण्यात कालवतात, त्यात थोडा डिंक घालतात आणि बांबूची काडी टोकाला चावून मऊ करतात. पाठकोरा कागद व पेन्सिलही पुरे. रोज एकच वस्तू घ्यावी, दहा मिनिटे द्यावीत, तारीख घालावी. खोडू नये आणि इतरांच्या चित्राशी तुलना करू नये. पालकांनी ‘छान आहे’ म्हणण्याऐवजी ‘हे तुला कोठे दिसले?’ असे विचारावे. मूल बोलू लागते.

चित्राने तडकलेली भिंत सांधत नाही, गेलेले माणूस परतत नाही, हे आम्ही जाणतो. फार दुःखात असलेल्या मुलाला माणसाची सोबत आधी द्यावी, कागद नंतर. पण पळस कोणत्याही वर्षी फुलायचा राहिलेला नाही. येत्या फेब्रुवारीत आपल्या दारातली एक कळी प्रत्येकाने काढून पाहावी, एवढीच आमची विनंती.