पडद्यावरचे प्राणी आणि रस्त्यावरची मुले

‘हा खेळ मुलांना खेळू द्यावा का?’ असे पालक विचारतात, तेव्हा त्यांना हो किंवा नाही एवढेच उत्तर हवे असते. ‘पोकेमॉन गो’च्या बाबतीत ते देणे कठीण आहे. हा खेळ अर्धाच मोबाइलवर असतो. उरलेला अर्धा रस्त्यावर, बागेत आणि देवळाच्या आवारात चालतो. जुलै २०१६ मध्ये तो काही देशांत सुरू झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात भारतात आला.

खऱ्या दृश्यावर संगणकाने रचलेले चित्र बसवणे, याला ‘संवर्धित वास्तव’ म्हणतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून समोरचे अंगण दिसते आणि त्या अंगणात एक काल्पनिक प्राणी उभा असतो. मोबाइल उजवीकडे वळवला की आतला जायरोस्कोप हा संवेदक तो कोन मोजतो आणि प्राण्याचे चित्र तेवढेच डावीकडे सरकते. म्हणून तो जागेवर स्थिर आहे असा भास होतो. गंमत अशी, की कॅमेऱ्याचा हा भाग बंद ठेवूनही खेळ खेळता येतो.

म्हणजे खेळाचा खरा गाभा नकाशा आहे. उपग्रहांच्या संदेशांवरून मोबाइल आपले स्थान ठरवतो. मोकळ्या आकाशाखाली त्यात सुमारे ५ मीटरची चूक असते. उंच इमारतींमध्ये संदेश भिंतींवर आपटून येतात आणि चूक वाढते. आपल्या गावातील कितीतरी रस्त्यांची रुंदीच एवढी असते! तेव्हा मूल रस्त्याच्या या कडेला आहे की त्या, हे खेळाला खात्रीने सांगता येत नाही. शिवाय खेळातील अनेक थांबे ‘इन्ग्रेस’ या आधीच्या खेळातून घेतलेले आहेत व ते खेळाडूंनीच सुचवलेले होते. तेथल्या विहिरीला कठडा आहे की नाही, हे नकाशाला ठाऊक नसते.

आता मुलाकडे पाहू. येणारे वाहन जवळ येते तशी त्याची डोळ्यातील प्रतिमा मोठी होत जाते आणि त्या वाढीवरून आपण धोका ओळखतो. दोन वाहने आपल्यापर्यंत पोहोचायला सारखाच वेळ लागणार असेल, तर वेगवान वाहन त्या क्षणी अधिक दूर असते व त्याची प्रतिमा अधिक सावकाश वाढते. नेमके जे अधिक घातक, तेच कमी जाणवते. लंडन विद्यापीठाच्या रॉयल होलोवे महाविद्यालयातील संशोधकांना २०११ मध्ये असे आढळले, की ताशी सुमारे ३२ किलोमीटरहून अधिक वेगाने येणारे वाहन प्राथमिक शाळेतील मुलांना खात्रीने ओळखता येत नाही. हे सर्व लक्ष देऊन पाहत असताना! हातात पडदा असेल तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

धोका मुलाच्याच हातातील मोबाइलमुळे असतो असेही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये जपानमधील इचिनोमिया येथे नऊ वर्षांचा एक मुलगा रस्ता ओलांडताना ट्रकखाली सापडून मरण पावला. खेळत होता तो ट्रकचालक.

व्यायाम होतो, हा युक्तिवादही तपासून पाहिला गेला आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या अभ्यासात अमेरिकेतील तरुण खेळाडू पहिल्या आठवड्यात रोज सरासरी ९५५ पावले अधिक चालले, सहाव्या आठवड्यात ही वाढ नाहीशी झाली होती. अभ्यास प्रौढांचा होता, तो मुलांना जसाच्या तसा लावता येणार नाही.

खेळात २, ५ किंवा १० किलोमीटर चालले की अंडी उबतात. त्यातून काय निघेल ते आधी निश्चित नसते. बक्षीस अनिश्चित असले की कृती सुटता सुटत नाही, हे स्किनर यांच्या प्रयोगांतून मानसशास्त्राला पूर्वीच कळले होते. एकावेळी अधिक अंडी उबवायची तर साधने विकत मिळतात. येथे पालकांचा पैसा आत शिरतो.

खेळावरील वयाचा शिक्का यातले फारसे सांगत नाही. युरोपातील ‘पेगी’ची ३, ७, १२ ही वये मुख्यतः हिंसा, भाषा, भीती अशा आशयावर ठरतात. रस्ता त्यात येत नाही.

आमच्या मते प्राथमिक शाळेतील मुलांनी हा खेळ मोठ्या माणसाच्या सोबतीने, त्याच्याच मोबाइलवर आणि बंदिस्त मैदानात खेळावा. आठवी-नववीच्या मुलांना दोन गोष्टी पटवता येतात. पडदा पाहायचा तो उभे राहून. आणि थांबा ८० मीटरवरूनही वापरता येत असल्याने त्यासाठी रस्ता ओलांडण्याची गरज बहुधा नसते.

सांगण्याऐवजी करूनही दाखवता येईल. शाळेच्या मैदानात चुन्याने एक खूण करा. तिच्यावर उभे राहून विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या वेळी दहादा मोबाइलवरील अक्षांश-रेखांश टिपावेत, मग आलेखाच्या कागदावर ते बिंदू मांडावेत. १ सेंटिमीटर म्हणजे १ मीटर असे प्रमाण घ्या आणि त्याच कागदावर शाळेसमोरच्या रस्त्याची रुंदीही काढायला सांगा.