मुळशीची वीज आणि लाभांशाचा हिशेब

मुळा नदी वाहते पूर्वेला, पुण्याकडे. मुळशीच्या धरणात अडलेलं तिचं पाणी मात्र बोगद्यातून पश्चिमेला जातं, सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला उतरतं, टर्बाइन फिरवतं आणि कुंडलिकेत सोडलं जातं. कोलाडचं राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. वीज जाते मुंबईला, आणि कंपनीच्या नफ्यातला वाटा दरवर्षी टाटा पॉवरच्या भागधारकांच्या खात्यात जमा होतो. तो भागधारक मग मुळशी तालुक्यातल्या पौडचा असो की परदेशातला.

१९१० साली टाटा हायड्रो स्थापन झाली आणि १९१५ साली खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं. मुळशीच्या प्रकल्पासाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर उभी राहिली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती आणि पुढे सेनापती बापट त्यांचे नेते झाले. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. त्यांना मोबदला हवा होता, कसणाऱ्यांना जमीन. धरण झालंच, आणि १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. जमिनीचा मोबदला एकदाच मिळाला; लाभांश दरवर्षी वाटला जातो.

आज याच मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी, माण, मारुंजी भागात जमिनीचे पैसे अनेक घरांत आले आहेत. ते खर्चून संपू नयेत, दरवर्षी काही हातात यावं, असं वाटणं रास्त आहे. मग कुणीतरी सांगतं, “विजेचे शेअर घ्या. वीज काय, लागणारच.” वीज लागणार हे खरं. पण विजेची मागणी आणि भागधारकाचा लाभांश यांच्यामध्ये नियामक आयोगाचा दर, वीज खरेदीचा करार, कर्ज आणि नवे प्रकल्प उभे असतात. शेअर पारखायचा तो या चौघांवर.

दहा लाखांचा हिशेब

३१ मार्च २०२५ च्या आसपासचे भाव धरू. पॉवर ग्रिडचा शेअर सुमारे २९० रुपये आणि २०२४-२५ या वर्षाचा लाभांश ९ रुपये. एनटीपीसीचा शेअर सुमारे ३५७ रुपये, लाभांश ८.३५. टाटा पॉवरचा शेअर सुमारे ३७५ रुपये, लाभांश २.२५. प्रत्येकीत दहा लाख घातले असते, तर वर्षाला अनुक्रमे साधारण ३१ हजार, २३ हजार आणि ६ हजार रुपये हाती आले असते. बँकेच्या मुदत ठेवीवर तेव्हा सत्तर हजारांच्या आसपास मिळत होते. म्हणजे घरखर्चासाठी आजच उत्पन्न हवं असेल, तर विजेचे शेअर ठेवीची जागा घेत नाहीत.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू. मे २०२० मध्ये टाटा पॉवरचा शेअर तीस रुपयांच्या आसपास होता. तेव्हा दहा लाख घालून थांबलेल्या माणसाला २०२४-२५ च्या त्याच २.२५ रुपयांच्या दराने वर्षाचे ७५ हजार मिळाले. पण तेव्हा कंपनीवरचं कर्ज आणि मुंद्र्याच्या कोळशावरच्या वीजप्रकल्पाचा तोटा पाहून बाजार दूर पळत होता. लाभांशाची टक्केवारी भावावर फिरते. भाव पडला की ती आपोआप फुगलेली दिसते, म्हणून ‘सर्वाधिक लाभांश देणारे शेअर’ अशा याद्या वाचताना आधी भाव का पडला ते पाहावं.

पैसा येतो कुठून

वीजव्यवसायात दोन प्रकारची कमाई असते. पहिली आयोगाने ठरवलेली. केंद्रीय आयोगाच्या २०२४ ते २०२९ या काळातल्या नियमांत प्रकल्पाचा ७० टक्के पैसा कर्ज आणि ३० टक्के भांडवल धरलं जातं. औष्णिक वीजकेंद्राच्या भांडवलावर १५.५ टक्के परतावा मिळतो. हजार कोटींचा प्रकल्प असेल, तर तीनशे कोटींवर ४६.५ कोटी मिळतात; व्याज, घसारा आणि देखभालीचा खर्च दरातून वेगळा वसूल होतो. केंद्र चालवायला सज्ज राहिलं तर हा परतावा बराचसा पक्का असतो. एनटीपीसी आणि पॉवर ग्रिड यांची मुख्य कमाई अशी आहे. मुंबईसाठीची टाटांची वीज राज्य आयोगाच्या कक्षेत येते.

दुसरी कमाई बोलीच्या दराची. मुंद्र्याचा चार हजार मेगावॅटचा प्रकल्प टाटांनी २००६ मध्ये युनिटला सरासरी २.२६ रुपयांच्या बोलीवर मिळवला. पुढे इंडोनेशियाने कोळशाच्या निर्यातीचे नियम बदलले आणि कोळसा महागला. वाढीव दर मागितला गेला, पण २०१७ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. वीज विकली जात होती, दिवे लागत होते, आणि कंपनी तोटा सोसत होती. त्यामुळे वार्षिक अहवालात पहिला शोध घ्यावा तो याचा: किती मेगावॅट नियामक दरावर, किती बोलीवर, आणि कोळशाची दरवाढ ग्राहकाकडून वसूल करता येते की नाही.

वीज विकली तरी पैसे वेळेवर येतातच असं नाही. केंद्राने उशिरा पैसे देण्यावरच्या अधिभाराचे नियम जून २०२२ मध्ये आणले, तेव्हा राज्यांच्या वितरण कंपन्यांकडे सुमारे १.४ लाख कोटी रुपये थकले होते. नंतर ही थकबाकी बरीच उतरली. तरी ताळेबंदातली ग्राहकांकडची येणी वाढत असतील, तर कागदावरचा नफा लाभांश भागवत नाही. त्यासाठी रोख लागते.

नफ्यातला किती वाटा

२०२४-२५ मध्ये पॉवर ग्रिडने दर शेअरच्या नफ्यातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा दिला, एनटीपीसीने सुमारे एक तृतीयांश, तर टाटा पॉवरने पाचवा हिस्साही दिला नाही. कंजूसपणा म्हणून हे सोडून देता येत नाही. टाटा पॉवरने २०२३ मध्ये भिवपुरी आणि शिरवता येथे मिळून २८०० मेगावॅटच्या उदंचन (पंपाने पाणी वर चढवून वीज साठवण्याच्या) प्रकल्पांसाठी राज्य सरकारशी करार केला. अंदाजे खर्च १३ हजार कोटी. पैसा बांधकामात चालला आहे, म्हणून हातावर कमी पडतो. सरकारी कंपन्यांना मात्र नफ्याच्या ३० टक्के किंवा निव्वळ मालमत्तेच्या ४ टक्के, यांतलं जे जास्त ते किमान वाटावं, असा केंद्राचा २०२४ चा दंडक आहे. तरीही आकडा खाली येऊ शकतो. पॉवर ग्रिडचा लाभांश २०२३-२४ मध्ये ११.२५ रुपये होता, पुढच्या वर्षी ९ झाला.

पाण्यावरच्या विजेत कोळशाचा खर्च नाही, पण वादाला वाव आहे. मुळशीचं पाणी कोकणात सोडण्याऐवजी पुण्याला आणि भीमा खोऱ्याला द्यावं, ही मागणी दर उन्हाळ्यात जोर धरते. गुंतवणूकदाराने तीही जोखमीत मोजावी.

खात्यात येईपर्यंत

रेकॉर्ड डेटला, म्हणजे लाभांशासाठी कंपनीने ठरवलेल्या तारखेला, शेअर डीमॅट खात्यात हवा. लाभांश तुमच्या उत्पन्नात धरला जातो आणि तुमच्या स्लॅबनुसार कर लागतो. एका कंपनीकडून वर्षात दहा हजारांहून जास्त मिळाला, तर १० टक्के टीडीएस कापला जातो; ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून पाच हजारांवरून वाढली. सात वर्षं न घेतलेला लाभांश सरकारी निधीत जातो आणि सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही तर त्यामागचे शेअरही जातात. घरात आजोबांच्या नावाचे जुने कागदी शेअर असतील, तर वारस नोंद आणि बँक खात्याची जोडणी आधी उरकावी.

औषधपाणी, शिक्षण आणि किराणा भागवणारी रक्कम ठेवीत असावी. दहा वर्षं हात न लावता येईल ती रक्कम वीजशेअरमध्ये जावी, तीही दोन-तीन कंपन्यांत आणि थोडी थोडी करून. दर मे महिन्यात निकाल आले की तीन आकडे वहीत टिपावेत: शेअरमागचा नफा, शेअरमागचा लाभांश, एकूण कर्ज. पहिला वाढतो आहे, दुसरा त्याच्या मागून येतो आहे आणि तिसरा पहिल्याहून वेगाने धावत नाही, एवढं दिसलं तर शेअर ठेवावा. तसं दिसलं नाही, तर नाव कितीही मोठं असलं तरी विकायला संकोच करू नये.