अंडाशयाचे फीडबॅक लूप आणि रिपोर्टमधला आकडा

सर्जापूर रोडवरच्या लॅबमधून मोबाइलवर आलेल्या रिपोर्टमध्ये एफएसएच जास्त दिसले, तर घाबरण्याआधी एवढे पाहा: पाळीच्या कितव्या दिवशी रक्त दिले होते?

पीयूषिका ग्रंथीतून येणाऱ्या एफएसएचमुळे अंडाशयातील पुटिका वाढतात आणि इस्ट्रोजेन तयार करतात. ते इस्ट्रोजेन पीयूषिकेला आवरते. गीझरच्या थर्मोस्टॅटसारखा हा निगेटिव्ह फीडबॅक. पण इस्ट्राडिओल मिलिलिटरला सुमारे 200 पिकोग्रॅमच्या वर दोनेक दिवस टिकले, की चिन्हच बदलते. तेच संप्रेरक आता एलएचची लाट उसळवते, सोबत एफएसएचही वर जाते, आणि साधारण 36 तासांत अंडमोचन होते. (आमच्या कंट्रोल सिस्टिम्समध्ये पॉझिटिव्ह फीडबॅक म्हटला की सगळे दचकतात, इथे त्यावाचून अंडपेशी बाहेरच पडत नाही.)

म्हणजे मधल्या दिवसांत वाढलेले एफएसएच स्वाभाविक; तिसऱ्या दिवशी तेवढेच असेल, तर अंडाशयाचा लगाम सैल पडल्याची शंका येते. त्या दिवशी इस्ट्राडिओलच जास्त असेल, तर एफएसएच दबते आणि आकडा फसवा चांगला दिसतो. म्हणून दोन्ही एकत्र तपासतात.

लेट्रोझोल ही गोळी याच लूपवर चालते: इस्ट्रोजेन घटते, एफएसएच वाढते, पुटिका वाढीला लागते. भारतात वंध्यत्वासाठी तिच्यावर 2011 मध्ये आलेली बंदी 2017 मध्ये उठली.