पौर्णिमेची पार्टी, ओहोटीच्या पायऱ्या

पन्नासावा वाढदिवस असो की लग्नाची पंचविशी, समुद्रात साजरी करायची असं मुंबईकर घरात ठरलं की बेत बहुधा एका वाक्यात मांडला जातो: गेटवेवरून यॉट घ्यायची, समुद्रात बुडणारा सूर्य बघायचा आणि वर पौर्णिमेचं चांदणं. ऐकायला झकास. पण दर्यावर पोट असलेला कुणीही माणूस हे वाक्य ऐकून गालातल्या गालात हसेल.

आधी सूर्याचं बघू. गेटवे ऑफ इंडियाचं तोंड पूर्वेला आहे. समोर पसरलेलं पाणी म्हणजे मुंबई बंदर. त्याच्या एका अंगाला शहर आणि पलीकडे घारापुरी, उरण, मांडवा. सूर्य मावळतो तो पाठीमागे, कुलाब्याच्या इमारतींआड. तो पाण्यात बुडताना पाहायचा तर दक्षिणेला कुलाब्याच्या टोकाला, प्रॉन्ग्ज दीपगृहाला वळसा घालून उघड्या समुद्रात जावं लागतं. तिथे लाट लांब आणि मोठी असते. तासा-दोन तासांसाठी घेतलेल्या शिडाच्या बोटी सहसा एवढ्या लांब जातच नाहीत. ताजमहाल हॉटेलचा घुमट सोनेरी उजेडात काळा होत जाताना पाहणं हेही देखणं दृश्य आहे, पण ते शहरावरचं. गोव्यात मांडवी पश्चिमेकडे वाहत समुद्राला मिळते, त्यामुळे पणजीहून निघालेल्या बोटीला नदीच्या मुखाशी सूर्यास्त समोर मिळतो. एकाच किनाऱ्यावरची दोन बंदरं, पण दोन्हींकडे पाट्या मात्र 'सनसेट क्रूझ'च्याच.

आता चांदणं. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, तोही बंदराच्या बाजूने, म्हणजे तो हट्ट रास्तच. अडचण चंद्राची नाही, तो जे पाणी ओढतो त्याची आहे. कोकणात भरतीची वेळ काढायचं एक जुनं गणित आहे: तिथीची पाऊणपट. पंचमीला पावणेचारच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास पूर्ण भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नेमकी वेळ हवी तर भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक आहेच. पण पार्टीचा दिवस ठरवायला एवढं गणित पुरे. पौर्णिमेला दुपारी बारा आणि मध्यरात्री बाराच्या आसपास भरती असेल, तर ओहोटी केव्हा? संध्याकाळी साडेपाच-सहाला. नेमक्या त्याच वेळी, ज्या वेळी नटूनथटून आलेले पाहुणे धक्क्यावर उभे असतात.

आणि ही साधी ओहोटी नसते. पौर्णिमा-अमावास्येच्या दिवसांत उधाण असतं. उधाण म्हटलं की लोकांना फक्त चढलेलं पाणी आठवतं, पण त्या दिवसांत पाणी जितकं जास्त चढतं तितकंच जास्त उतरतंही. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त फरक पडतो. म्हणजे जवळजवळ दीड मजला. त्या वेळी धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. त्यांवर शेवाळ असतं. बऱ्याच शिडाच्या यॉट धक्क्याला लागतही नाहीत. त्या बंदरात नांगरलेल्या असतात आणि पाहुण्यांना छोट्या होडीतून त्यांच्यापर्यंत नेतात. उंच टाचांची चप्पल, नऊवारी किंवा लांब घोळाचा गाऊन, हातात केकचा खोका आणि ओल्या शेवाळावरून हलत्या होडीत पाय. आमंत्रणपत्रिकेत हे कुणी लिहीत नाही.

शुद्ध अष्टमी धरली तर? सहाच्या सुमारास भरती, तीही भांगाची, म्हणजे चढउतार बेताचा, पाणी पायऱ्यांशी निवांत. अर्धा चंद्र संध्याकाळीच डोक्यावर आणि मध्यरात्रीपर्यंत सोबतीला. चांदणं निम्मं मिळतं, पण आजी-आजोबा बोटीत सुखरूप चढतात.

यॉट म्हणजे तीन मजली पांढरी हवेली, हा समज सिनेमाने पक्का केला. मूळ डच शब्दाचा संबंध शिकारीशी, पाठलागाशी आहे: वेगाने धावणारी हलकी बोट. १६६० मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला डचांनी 'मेरी' नावाची अशी बोट भेट दिली आणि राजेरजवाड्यांच्या हौशीला हे नाव चिकटलं. मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे, म्हणजे हौस इथेही जुनीच. पण आज गेटवेसमोर भाड्याने मिळणाऱ्या यॉटपैकी कित्येक म्हणजे तीसेक फुटांची शिडाची बोट. तिच्यावर पाच-सात पाहुणे, एक कप्तान, एखादा खलाशी. त्यामुळे 'यॉट म्हणजे लाखोंचा खेळ' हेही नेहमी खरं नसतं. लहान शिडाची बोट सहा जणांत वाटून घेतली, तर बऱ्या हॉटेलातल्या जेवणाएवढा खर्च येऊ शकतो. मोठ्या इंजिनवाल्या यॉटचा हिशेब अर्थातच निराळा. दोन्हींकडे ठरवताना एकच प्रश्न आधी विचारावा: घड्याळ केव्हा सुरू होतं, धक्का सोडल्यावर की बुकिंगच्या वेळेला? पाहुणे दादरला वाहतुकीत अडकले असताना बोटीचं भाडं चालू असतं.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज मात्र पैशांचा नाही, माणसांच्या संख्येचा आहे. 'जागा आहे की, आणखी चार जण मावतील.' बोटीवर किती माणसं मावतात आणि बोट किती माणसं सुरक्षित नेऊ शकते, हे दोन वेगळे आकडे आहेत. दुसरा आकडा तिच्या प्रमाणपत्रावर लिहिलेला असतो, आणि तो पाहायला मागणं हा यजमानाचा हक्क आहे. मांडीवरचं बाळही त्या यादीत एक माणूस असतं. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची इंजिन-चाचणी चाललेली स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. टक्कर हे दुर्घटनेचं कारण, यात वाद नाही. पण परवानगी ८४ प्रवाशांची असताना त्या बोटीवर शंभराहून अधिक लोक होते, हेही तेव्हाच उघड झालं. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर लाइफजॅकेट घालणं सक्तीचं झालं. फोटोत ते भगवं जाकीट बरं दिसत नाही, ही तक्रार अजूनही ऐकू येते.

संख्या बरोबर असली तरी माणसं कुठे उभी आहेत, याला महत्त्व आहेच. केरळात थेक्कडीच्या जलाशयात ३० सप्टेंबर २००९ ला 'जलकन्यका' ही पर्यटन बोट उलटून ४५ जण बुडाले. काठावरची जनावरं बघायला प्रवासी एका बाजूला सरकल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. पार्टीच्या बोटीवर जनावरांची जागा सेल्फी घेते. सगळ्यांना एकाच कठड्याला टेकून, मागे गेटवे घेऊन फोटो हवा असतो. खलाशी 'थोडे इकडे, थोडे तिकडे' म्हणत असेल, तर तो रसभंग करत नसतो.

'आपली पार्टी जूनमध्येच, वाढदिवस तेव्हाच आहे ना' असं म्हणणाऱ्यांचं किनारपट्टी पावसाळ्यात ऐकून घेत नाही. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत गेटवे-मांडवा मार्गावरच्या लहान प्रवासी बोटी बंद असतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद. ही कागदी खबरदारी नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत ही गोष्ट अजून सांगितली जाते. गोव्यात ६ जून २००० ला 'रिव्हर प्रिन्सेस' हे मोठं जहाज वादळी वाऱ्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं आणि पुढे बारा वर्षं तिथेच गंजत राहिलं. एवढं मोठं धूड जिथे नांगरावर टिकलं नाही, तिथे तीस फुटांच्या बोटीवर फुगे लावायचा विचारच नको. कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून बोटी पुन्हा पाण्यात लोटतात. हौशी मंडळींनीही खरं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने धरावेत. दुपारनंतर खारे वारे सुटतात, शीड भरतं, आणि बोट इंजिनाशिवाय चालते. रात्री उशिरा वारा फिरून जमिनीकडून मतलई सुटते किंवा हवा पार पडते. मग शिडाच्या बोटीलाही इंजिनाची घरघर करावी लागते.

एक गैरसमज कॉलेजपासून टिकून असतो: धक्का सुटला की कायदा सुटला. भारताचा सागरी प्रदेश १९७६ च्या कायद्यानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत आहे. शिडाची यॉट ताशी पाच सागरी मैलांनी चालली, तर ती हद्द गाठायलाच सव्वादोन तासांहून जास्त वेळ लागेल. पार्टी असते बहुधा दोन तासांची. आणि हद्द ओलांडली म्हणून काय? अमली पदार्थविरोधी १९८५ चा कायदा भारतात नोंदलेल्या जहाजावरच्या प्रत्येकाला आणि परदेशातल्या भारतीय नागरिकालाही लागू आहे. २ ऑक्टोबर २०२१ ला मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवरची धाड सगळ्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिली. त्यातल्या काहींवरचे आरोप पुढे पुराव्याअभावी गळले, पण समुद्रात कुणी विचारत नाही हा समज तेव्हाच गळायला हवा होता.

मद्याचंही तसंच. बाटली घरून आणली म्हणून परवान्यातून सुटका होत नाही. महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो, आणि समारंभात मद्य द्यायचं तर राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून एक दिवसाचा परवाना घ्यावा लागतो. कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची. गोव्यातून स्वस्तात आणलेला साठा गेटवेवर उघडण्याची कल्पना तर एकाच वेळी दोन गुन्ह्यांना आमंत्रण देते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालचा नियम पाण्यातही पाळावा लागतो. उलट तिथेच जास्त. पाण्यावर आवाज अडवायला भिंत नाही, झाड नाही, आणि संथ पाणी तो शोषून घेण्याऐवजी पुढे ढकलतं. बोटीवरच्या लोकांना गाणं बेताचं वाटतं, आणि कुलाब्याच्या चौथ्या मजल्यावरच्या माणसाला त्याचे शब्दही कळतात.

ड्रोनचा हट्ट सोडलेलाच बरा. बंदरात नौदलाची गोदी आहे, तुर्भ्याला अणुसंशोधन केंद्र आहे. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये हल्लेखोर 'कुबेर' ही मासेमारी नौका बळकावून याच समुद्रातून आले होते. ओळखपत्रं आणि पाहुण्यांची यादी मागितली जाते, ती त्यामुळे. 'आमच्यावर विश्वास नाही का' हा प्रश्न तिथे निरर्थक ठरतो.

'बोट लागू नये म्हणून काही खाऊ नका' असा सल्ला हमखास मिळतो. रिकाम्या पोटी त्रास उलट वाढतो, आणि तळकट खाऊनही वाढतोच. सुकी पोळी, इडली, केळं असं हलकं काही दोनेक तास आधी खावं. बोट धावताना लागेल अशी भीती असते, पण चालती बोट पाणी कापत स्थिर राहते. नांगरून उभी केलेली बोट मात्र प्रत्येक लाटेला डुलते. केक कापायला इंजिन बंद केलं की पहिला चेहरा पिवळा पडतो. अशा वेळी बोटीच्या मध्यावर, उघड्या हवेत बसून क्षितिजाकडे बघावं. मोबाइलकडे अजिबात नाही. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, त्रास व्हायच्या आधी, आणि तिच्यावर मद्य नको.

लग्नाची हौसही आता पाण्यात उतरली आहे, आणि तिच्यासोबत एक परदेशी समजही आला: कप्तान लग्न लावू शकतो. भारतात त्याला तसा अधिकार नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकारी लागतो आणि त्याआधी ३० दिवसांची नोटीस. वैदिक विधी बोटीवर झाले तर ते लग्न विधींमुळे लग्न, कप्तानामुळे नव्हे. फक्त फायबरच्या बोटीवर होम पेटवायची परवानगी कोणता कप्तान देईल, हा निराळा प्रश्न. वाढदिवसाच्या मेणबत्त्यांनाच तो आधी नाही म्हणतो.

फुगे, कागदाची चमकी, प्लास्टिकचे पेले समुद्रात टाकू नयेत, हे शहाण्या माणसाला सांगायला नको. पण ते टाकलेही जात नाहीत, उडून जातात. बंदरातल्या वाऱ्यात फुग्यांची कमान दहा मिनिटं टिकत नाही. फुग्याच्या प्लास्टिक काड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहेच. कचऱ्याची एक मोठी पिशवी आणि तिचं तोंड बांधायला सुतळी, एवढीच तयारी लागते.

ती पिशवी घेऊन रात्री दहाला परतायची वेळ येते. पौर्णिमेचाच आग्रह धरलेल्या यजमानाला तेव्हा धक्का ओळखू येत नाही. संध्याकाळी सहाला घसरत, हात धरून उतरलेल्या खालच्या पायऱ्या आता पाण्याखाली गेलेल्या असतात. मध्यरात्रीच्या भरतीचं पाणी चढत असतं, आणि होडी येऊन लागते ती पार वरच्या पायरीला.