गच्चीवरचे पाइप आणि ऊन

परवा शेजाऱ्यांच्या गच्चीवर टाकीखालचा सीपीव्हीसी पाइप चाचपून पाहिला, तेव्हा बोटांना खडूसारखी भुकटी लागली. ही त्याच्या ऱ्हासाची पहिली वर्दी होय.

९३ अंश सेल्सियसपर्यंतचे गरम पाणी जो निमूटपणे वाहून नेतो, तोच पाइप सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी वर्षानुवर्षे पोळल्यावर ठिसूळ होतो आणि किरकोळ धक्क्यानेही तडकतो.

यास्तव त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात देण्याची तजवीज उन्हाळ्यापूर्वीच करावी. ऑइल पेंट मात्र सर्वथा वर्ज्य, कारण त्यातील द्रावके सीपीव्हीसीलाच बाधू शकतात.

क्लॅम्पही करकचून आवळू नयेत. तापमान ३० अंशांनी चढले, की १० मीटरांचा पाइप सुमारे २ सेंटिमीटर लांबतो, आणि तेवढे सरकण्यास त्याला वाव हवाच.