मूलसंहितेपासून कार्यसंहितेकडे : लिब्रेऑफिसच्या बांधणीची प्रक्रिया

जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकाला मूळ ग्रंथ व त्याचा उतारा यांतील भेद नव्याने समजावून द्यावा लागत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण बहुधा केवळ उताऱ्यावरच विसंबून असतो. लेखनासाठी वा शब्दसूचीसाठी जो प्रणालीग्रंथ आपण वापरतो, तो मनुष्याने लिहिलेल्या संहितेचे यंत्रभाषेत झालेले रूपांतर होय. ते चालविता येते, पण वाचता येत नाही. आणि जे वाचता येत नाही, ते दुरुस्तही करता येत नाही. ज्या प्रणालींची मूलसंहिता सर्वांस खुली असते, त्यांच्या बाबतीत हे रूपांतर आपण स्वतः घडवून आणू शकतो. ते कसे होते व भाषेच्या अभ्यासकाने तो खटाटोप का करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम संज्ञेविषयी. कंपायलर या शब्दाला मराठीत ‘संकलक’ असा प्रतिशब्द रूढ झाला आहे. संकलन म्हणजे गोळा करणे, आणि यंत्राचे हे काम तर मुख्यतः भाषांतराचे. तेव्हा हा प्रतिशब्द चुकला, असे कोणास वाटेल. परंतु इतिहास शब्दाच्या बाजूने आहे. ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास सिद्ध केलेला पहिला संकलक आधीच लिहून ठेवलेले उपक्रम संग्रहातून निवडून एकत्र जोडीत असे. पुढे कार्य बदलले, नाव टिकले. अर्थविस्ताराचे हे एक चांगले उदाहरण मानावयास हरकत नाही.

उदाहरणासाठी लिब्रेऑफिस घेऊ. स्टार डिव्हिजन या जर्मन संस्थेची लेखनप्रणाली १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतली. २००० मध्ये तिची संहिता खुली झाली आणि २०१० च्या सप्टेंबरात तिच्यापासून लिब्रेऑफिसची शाखा फुटली. कित्येक दशलक्ष ओळींची ही संहिता प्रामुख्याने सी प्लस प्लस भाषेत आहे.

बांधणीचे टप्पे चार. पहिला, संहिता मिळविणे. गिट या साधनाने केवळ आजचा पाठ नव्हे, तर प्रत्येक बदलाची नोंद हाती येते : कोणी, केव्हा, कोणत्या हेतूने. दुसरा टप्पा पूर्वतयारीचा. ऑटोजेन ही आज्ञा दिली असता आवश्यक साधने यंत्रावर आहेत की नाहीत, याची तपासणी होते. बांधणीचे पर्यायही येथेच सांगावयाचे असतात. मराठी हवी असे स्पष्ट सांगितले नाही, तर सिद्ध होणारी प्रणाली केवळ इंग्रजीतच बोलते. अनुवाद उपलब्ध असूनही ते बांधणीत येत नाहीत. तिसरा टप्पा ‘मेक’ या आज्ञेचा. तिने प्रथम बाहेरचे ग्रंथसंग्रह आणले जातात. मग एकेका संहितापत्राचे यंत्रभाषेत रूपांतर होते आणि शेवटी लिंकर हे सारे तुकडे सांधतो. चौथा टप्पा चाचण्यांचा. यंत्राच्या बळानुसार या साऱ्याला एखाद्या तासापासून अहोरात्रपर्यंत वेळ लागतो व तबकडीवर बरीच मोकळी जागा लागते.

बांधणी मध्येच अडली, तर नवशिका पडद्यावरची शेवटची ओळ वाचतो. वस्तुतः पाहावयाची असते ती पहिली चूक; पुढच्या बहुतेक तिच्याच संतती असतात. कधी संहितेत दोष नसतो, तर एकाच वेळी चाललेल्या समांतर कामांना स्मृती पुरत नाही. अशा वेळी कामांची संख्या कमी करणे हाच उपाय.

मूलसारख्या गावी तिसरा प्रकारही परिचयाचा आहे. पावसाळ्यात वीज जाते व निम्मी बांधणी थांबते. परंतु केलेले काम वाया जात नाही. १९७६ मध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल प्रयोगशाळेत रचलेल्या ‘मेक’चे तत्त्व साधे आहे : उताऱ्याहून मूळ नवे असेल किंवा उताराच नसेल, तरच उतारा पुन्हा करावा. वीज आल्यावर तीच आज्ञा दिली की काम राहिले तेथून पुढे चालते. मात्र एक सावधगिरी हवी. वीज गेली त्या क्षणी लिहिला जात असलेला तुकडा अर्धवट राहिलेला असतो; पण त्यावरची वेळ नवी असल्याने ‘मेक’ त्याला पुरा समजतो व दोष पुढे सांधणीच्या वेळी उघड होतो. मी एकदा या भ्रमात सारी बांधणी पुसून दोन दिवस घालविले. वास्तविक तो एक तुकडा काढून टाकला असता, तर भागले असते.

इतका खटाटोप कशासाठी? पहिले कारण विश्वासाचे. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या संकोचनप्रणालीत दडविलेले चोरद्वार उघडकीस आले. आंद्रेस फ्रॉइंड यांना प्रवेशक्रियेत सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला व त्यावरून त्यांनी शोध घेतला. ते द्वार उघडणारा अंश वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. सार्वजनिक गिटसंग्रहात नव्हता. म्हणजे त्या गठ्ठ्यावरून स्वतः बांधणी करणाराही फसला असता. निव्वळ बांधणी पुरेशी नाही. पाठभेद ताडून पाहणेही आवश्यक आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तिच्या मुळाशी हीच जाणीव होती. केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये याहून खोल शंका मांडली : संकलकच दूषित असेल, तर निर्दोष संहितेपासूनही दूषित उतारा निघेल. तेव्हा पूर्ण निःशंकता मिळत नाही. शंका कोठे घ्यावी, एवढे कळते.

दुसरे कारण आमच्या विषयाशी अधिक निगडित आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो. युनिकोडच्या क्रमांकांत तो ‘ल’ नंतर लागतो. कोशाची अकारविल्हे कोणत्या क्रमाने लागावी, हे आयसीयू नावाच्या ग्रंथसंग्रहातील नियम ठरवितात. ते नियम वाचता येतात, म्हणूनच त्यांवर वादही घालता येतो.

हे मराठीचे झाले. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत गोंडी व माडिया बोलल्या जातात. अहेरी गोंडीस आंतरराष्ट्रीय भाषासूचीत ‘ई-एस-जी’ असा स्वतंत्र संकेत आहे. गोंडीसाठी रचलेली मसराम लिपी २०१७ मध्ये व गुंजाळा लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. परंतु संकेत मिळणे म्हणजे व्यवहारात स्थान मिळणे नव्हे. वार, महिने, अंक, दिनांक यांची त्या भाषेतील रूपे एका संहितापत्रात लिहून प्रणालीत बसवावी लागतात. बंदिस्त प्रणालीत हे काम तिच्या मालकाच्या मर्जीवर राहते, आणि थोड्या भाषकांची भाषा त्याला परवडतेच असे नाही. खुल्या संहितेत ते पत्र अहेरीचा विद्यार्थी लिहू शकतो व बांधणी करून त्याच दिवशी पडद्यावर आपली भाषा पाहू शकतो. पुढे ते सर्वांच्या प्रतीत यावे, यासाठी परीक्षकांची संमती लागेल. पण आरंभासाठी कोणाची अनुज्ञा लागत नाही.

म्हणून भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकदा तरी ही बांधणी स्वहस्ते करावी, असे सुचवावेसे वाटते. त्याने त्याला प्रणालीकार व्हावयाचे नाही. परंतु आपल्या भाषेविषयीचे निर्णय कोणत्या ओळीत लिहिलेले आहेत, एवढे त्याला ठाऊक असावे. ते ठाऊक झाले की ती ओळ बदलण्याचा विचार फार दूरचा राहत नाही.